आशा आणि सेनापति

भीष्म, द्रोण आणि कर्ण हे तिघेहि रणांगणीं पडल्यावर दुर्योधनानें शल्यास सेनापतीचा अभिषेक केला आणि पांडवांस जिंकण्याची आशा पुनः धरिली. या आशेला लोक आजवर हंसत आले आहेत. परंतु हंसण्यापूर्वीं एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे: दुर्योधनाची चूक आशा धरण्यांत होती, कीं ती सर्वस्वीं एका मनुष्याच्या ठायीं ठेवण्यांत होती? आपली उन्नति व्हावी अशी इच्छा एखाद्या समूहास झाली, म्हणजे त्या इच्छेस बहुधा एखाद्या अनुभवी पुरुषाचें रूप येतें. हा पुरुष आला कीं सारें सुधारेल, असें मंडळी म्हणूं लागतात. ही आशा विवेकाची समजावी कीं कर्तव्यापासून पळ काढण्याची, याचा विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरण आम्ही अमेरिकेंतील फुटबॉलच्या खेळांतून घेतों. राज्यकारभारांत किंवा व्यापारांत यशाचें श्रेय कोणाचें हें ठरविणें दुर्घट असतें. खेळांत निदान जयापजयाचा जमाखर्च चोख ठेवलेला असतो. या खेळाचें नांव फुटबॉल असलें तरी त्यांत चेंडू मुख्यतः हातांनींच नेला व फेंकला जातो. अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. चढाई करणाऱ्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू ज्याच्या हातीं येतो त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. धिप्पाड गडी अंगावर धांवून येत असतां चेंडू कोणाकडे फेंकावा, कीं जवळच्याच गड्याच्या हातीं द्यावा, याचा निर्णय त्यास दोन-तीन सेकंदांत करावा लागतो. म्हणून वयानें पाय मंदावले तरी नजर व विवेक यांच्या बळावर त्याची किंमत टिकते, आणि पडत्या काळांतील संघ अशा मुरलेल्या गड्याच्या शोधांत असतात. मात्र प्रतिपक्षाची चढाई सुरू झाली, म्हणजे हा सेनापति मैदानाबाहेर बसलेला असतो. बचाव दुसऱ्याच अकरा जणांनीं करावयाचा असतो.

न्यूयॉर्क जेट्स या संघाचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. २००७ सालीं सोळांपैकीं चारच सामने जिंकलेल्या या संघानें पुढील वर्षीं ब्रेट फार्व्ह या चाळिशीस टेकलेल्या वीरास पाचारण केलें. पहिल्या अकरा सामन्यांत आठ विजय मिळाले; अखेरच्या पांचांत एकच मिळाला. पंधरा वर्षांनीं त्याच संघानें तोच प्रयोग पुनः केला. २०२३ सालीं ॲरन रॉजर्स हा ३९ वर्षांचा गडी आला. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यास पूर्वीं चार वेळां मिळालेला होता. ११ सप्टेंबर २०२३ रोजीं पहिल्याच सामन्यांत, अवघ्या चौथ्या प्रयत्नांत, त्याच्या टांचेवरील स्नायुबंध तुटला आणि त्याचा हंगाम संपला. एवढ्या मोठ्या नगराची आशा त्या एका स्नायुबंधावर टांगलेली होती! तथापि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तो सामना उरलेल्या गड्यांनीं २२ विरुद्ध १६ असा जिंकला. जें सामर्थ्य त्या रात्रीं दिसलें त्याची जोपासना मात्र झाली नाहीं. हंगामाअखेर सतरांपैकीं सातच विजय पदरीं पडले, म्हणजे आदल्या वर्षींइतकेच. २०२४ सालीं रॉजर्स सर्व सामने खेळला, आणि विजय पांचांवर आले. त्याच हंगामांत पांच सामने होतांच मुख्य प्रशिक्षकास काढून टाकण्यांत आलें. आपली आशा एका मनुष्यांत सांठविणाऱ्यांस आपला दोषहि एकाच मनुष्यांत शोधण्याची संवय लागते, ती अशी.

यावर कोणी टॉम ब्रॅडीचें नांव घेईल, आणि तें घेणें रास्तच आहे. न्यू इंग्लंडच्या संघांत वीस हंगाम घालवून तो २०२० सालीं, वयाच्या ४२ व्या वर्षीं, टँपा बे येथें गेला. आदल्या वर्षीं सोळांपैकीं सात सामने जिंकणाऱ्या त्या संघानें अकरा जिंकले, आणि ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं कॅन्सस सिटीचा ३१ विरुद्ध ९ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविलें. परंतु हा चमत्कार जरा उकलून पाहिला पाहिजे. २०१९ सालीं या संघाच्या क्वार्टरबॅकनें फेंकलेले तीस चेंडू प्रतिपक्षानें झेलले होते. ब्रॅडीच्या बाबतींत ही संख्या बारावर आली. म्हणजे अनुभवानें जें दिलें तें मुख्यतः चुकांचें निवारण होय. अंतिम सामन्यांत प्रतिपक्षास एकदांहि सीमारेषा ओलांडूं दिली नाहीं ती बचावाच्या गड्यांनीं, आणि त्या वेळीं ब्रॅडी बाहेर बसलेला होता. जेथें बळ आहे पण शिस्त नाहीं, तेथें जुना सेनापति सोनें करितो. जेथें बळच उभें केलेलें नाहीं, तेथें तो काय करणार?

याहून मननीय उदाहरण पेटन मॅनिंगचें. मानेवरील शस्त्रक्रियांमुळें २०११ चा सारा हंगाम हुकलेल्या या गड्यास डेन्व्हरच्या संघानें २०१२ सालीं जवळ केलें, आणि संघाचे विजय आठांवरून तेरांवर गेले. पुढें वयानें आपला हक्क बजावला. २०१५ च्या हंगामांत त्याच्या फेंकींतून नऊच गोल साधले आणि सतरा चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं गेले. मध्यंतरीं कांहीं सामने त्यास बाहेरहि बसावें लागलें. तरी त्याच हंगामाचें अजिंक्यपद डेन्व्हरनें मिळविलें; अंतिम सामन्यांतील श्रेष्ठ खेळाडूचा मान बचावांतील व्हॉन मिलर यास मिळाला. ज्यास आपला भार वाहण्यासाठीं आणिलें, त्याचाच भार अखेरीस इतरांनीं वाहिला.

आमच्या मतें आशेची कसोटी येथेंच आहे. अनुभवी पुरुषास बोलाविणें हें कांहीं पाप नव्हे. आशेवांचून कोणताहि समूह उठत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तो आला म्हणून ज्यांचे श्रम कमी होतात, त्यांनीं मनुष्य आणिला नाहीं, नवस केला. अशा मंडळींच्या हातून त्या वृद्धावरहि अन्याय होतो. कारण नवस न फळल्यास देवाची मूर्ति फोडावयास ते मागेंपुढें पाहत नाहींत. त्याच्या तोडीचें होण्यासाठीं ज्यांचे श्रम वाढतात, त्यांस तो दुखावला, थकला, किंवा निघून गेला, तरी त्याच्यापासून मिळावयाचें तें मिळालेलें असतें. शल्य दुपारपर्यंत पडला यांत त्याचा काय दोष? त्याच्यावर सारा भार टाकण्यापूर्वीं आपला भार आपण किती उचलला, याचा हिशेब दुर्योधनानें द्यावयास हवा होता.