वारा कुणीकडं?

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला नेतो. मातीनं भरलेला मल्चिंग पेपर, केळीच्या घडाच्या पिशव्या तो नेत नाही. मग बांधावर काडी लावायची. मीही लावली, खोटं कशाला बोलू?

नागपूरच्या प्राध्यापक अलका झाडगावकर यांनी प्लास्टिकपासून इंधन काढलं, हे वाचून पुतण्या म्हणाला, "काका, आपण घरीच करू." जुना ड्रम, लोखंडी पाईप, पाण्याची टाकी. हवा न लागू देता प्लास्टिक 400 अंशांच्या आसपास तापवायचं. वाफ थंड झाली की तेल. बाटलीभर निघालंही. खाली लाकडं किती जळाली, ते कुणी मोजलं नाही. त्यात पीव्हीसी पाईपचा तुकडा गेला. त्यातून आम्लाचा वायू निघतो. वारा सालदाराच्या झोपडीकडं, आत बाळंतीण.

सालदार काही बोलला नाही. तेल माझं, धूर त्याचा. पण बांधावर जाळायचो तव्हाही वारा तिकडंच होता ना? तव्हा का नाही टोचलं?

ड्रम गोठ्यामागं पडलाय. औंदाचा पेपरही शेताच्या कडेला गोळा करून ठेवलाय. पुतण्या विचारतो, "काका, याचं काय करायचं?"