घडी मोडताना

शांत बसा. खुर्चीत असाल तर दोन्ही पावलं जमिनीला टेकवा, मांडी घातली असेल तर हात सैल सोडा. श्वास मुद्दाम लांब करू नका. जसा येतोय तसा येऊ द्या.

आता घरातली एखादी जुनी, जपलेली वस्तू मनात आणा. मी माझ्या आजीची पैठणी घेते. आजी दर वर्षी ती ट्रंकेतून काढायची, सावलीत वारा द्यायची आणि वेगळ्या घडीने परत ठेवायची. एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिलं की रेशीम नेमकं त्या घडीवरच विरतं, हे तिला ठाऊक होतं. नेसलं तर लुगडं झिजतं आणि न नेसता ठेवलं तर घडीवर विरतं. या दोन्हींच्या मधे जी थोडी जागा उरते, तिथे आजचं मनन करू या.

तुमची वस्तू मनात राहू द्या. तिला हात लावू नका, नुसती पाहा.

आता तिच्या शेजारी एक विमान आणा. इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातला ब्रंटिंगथॉर्पचा जुना विमानतळ. हँगरमध्ये एक प्रचंड त्रिकोण उभा आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख सुमारे 34 मीटर. हे अॅव्ह्रो व्हल्कन जातीचं बॉम्बफेकी जेट, क्रमांक एक्सएच 558. 1960 साली ते ब्रिटिश हवाई दलात आलं. 1992 पर्यंत हवाई कसरतींच्या मेळाव्यांत उडालं. 1993 च्या मार्चमध्ये इथे येऊन उतरलं आणि पुढची चौदा वर्षं जमिनीवरच राहिलं.

या विमानाचा जन्म कशासाठी झाला, त्याकडे आधी पाहू. नजर वळवायची नाही. ब्रिटनचा अणुबॉम्ब वाहून न्यायला व्हल्कन बांधलं गेलं. सुरुवातीच्या काळात त्याला शुभ्र पांढरा रंग दिला जाई. आपणच टाकलेल्या बॉम्बच्या झळाळीने विमान भाजू नये, म्हणून. आत पाच माणसं बसत. पुढच्या दोन वैमानिकांना संकटात बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या होत्या. मागे पाठमोरे बसणाऱ्या तिघांना नव्हत्या. व्हल्कनने तो बॉम्ब युद्धात कधीच टाकला नाही. साधे बॉम्ब मात्र टाकले, 1982 मध्ये, फॉकलंडच्या धावपट्टीवर. ते विमान दुसरं होतं, पण कुळ हेच.

सुंदर वस्तू आणि तिचं भयंकर काम, दोन्ही एकाच वेळी मनात धरता येतात का, पाहा. एकाने दुसऱ्याला झाकू नका. एक श्वास या दोन्हींसाठी.

आता हँगरमध्ये आत चला. 2005 च्या ऑगस्टमध्ये इथे काम सुरू होतं. डॉ. रॉबर्ट प्लेमिंग यांनी पुढाकार घेऊन उभ्या केलेल्या न्यासाच्या हाती आता हे विमान आहे. लॉटरीच्या पैशातून वारसा जपणाऱ्या निधीने 27 लाख पौंड दिले आहेत. पुढे पैसा संपत आला तेव्हा सर जॅक हेवर्ड यांनी 5 लाख दिले. त्याशिवाय हजारो सामान्य माणसांनी पाठवलेल्या छोट्या-छोट्या रकमा आहेत. पैशाचा हिशेब इथेच सोडू. हातांकडे पाहू.

एक तंत्रज्ञ विजेरी घेऊन पंखाच्या पोटात वाकलाय. पत्र्यावर रिवेटांची रांग आहे. तो एकेका रिवेटवर थांबतो. धातूतली बारीक भेग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, ती क्ष-किरणांनी नाहीतर ध्वनिलहरींनी शोधावी लागते. तार वाकवत राहिलं की एका क्षणी ती तुटते, हे आपण लहानपणी करून पाहिलेलं आहे. पंखाचंही तसंच. प्रत्येक उड्डाणात, प्रत्येक वळणावर आणि हवेच्या प्रत्येक धक्क्याला तो किंचित वाकतो. ते वाकणं मोजलं जातं, वहीत लिहिलं जातं. आयुष्याच्या खात्यातून तेवढं वजा होतं. त्या खात्यात जमा फारशी होत नाही. 2013-14 च्या हिवाळ्यात पंखांना मजबुती देऊन थोडी भर घातली गेली, एवढंच.

चौथऱ्यावर उभं केलेलं विमान आपण आपल्याही गावांत पाहतो. पोरं त्याच्याखाली खेळतात, आपण फोटो काढतो. त्याच्या खात्यातून उड्डाणाचं काहीच वजा होत नाही. पाऊस आणि गंज मात्र आपलं काम करत राहतात. यात बरं-वाईट ठरवू नका. जपण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींची किंमत आहे, इतकंच मनात नोंदवा.

आता 18 ऑक्टोबर 2007. हँगरमधून बाहेर या. कडेला माणसं उभी आहेत, हातात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या. चारही ओलिंपस इंजिनं सुरू आहेत. त्रिकोण पुढे सरकतो आणि वेग घेतो. हवा घेणाऱ्या तोंडांतून इंजिनांच्या एका ठरावीक वेगाला एक लांब, घुमणारा हुंकार उठतो. तो कानांच्या आधी छातीला कळतो. नाक वर होतं, चाकं सुटतात. चौतीस मिनिटं विमान आकाशात राहतं आणि परत येतं.

तो हुंकार तुमच्या छातीत विरू द्या. घाई नाही.

आता जपणुकीची अवघड बाजू. 28 मे 2012, इंग्लंडमधल्याच डॉनकॅस्टरची धावपट्टी. विमान धावायला लागतं आणि डावीकडची दोन इंजिनं निकामी होतात. आत काय गेलं होतं? सिलिका जेलच्या पिशव्या. नव्या बुटांच्या खोक्यात सापडते तशी पुडी, तिचीच मोठी भावंडं. विमान उभं असताना इंजिनाला दमट हवा लागू नये म्हणून त्या ठेवल्या होत्या. इंजिन वाचवण्यासाठीच. काढायच्या राहिल्या. एका इंजिनाने त्या गिळल्या, त्याचे तुकडे शेजारच्याने ओढले. माणसं सुखरूप राहिली. जपून ठेवलेली दुसरी इंजिनं बसवून विमान त्याच उन्हाळ्यात पुन्हा उडालं.

त्या पिशवीवर मन थांबवा. आजी सांगायची, डांबराची गोळी जरीला लागू देऊ नकोस, जर काळी पडते. कसरीपासून वाचवायला ठेवलेली गोळीच जरीला खाते. जपायला ठेवलेली वस्तूही मोजून ठेवावी लागते आणि आठवणीने काढावी लागते.

व्हल्कनची कल्पना मांडणारे रॉय चॅडविक हे या कथेतलं सर्वांत मूक नाव. त्यांनी हे विमान उडताना पाहिलंच नाही. 1947 च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका विमानाच्या चाचणीत ते गेले. दुरुस्तीनंतर पंखांवरच्या नियंत्रणपट्ट्या उलट जोडल्या गेल्या होत्या. वैमानिक एका बाजूला वळवत होता आणि विमान दुसऱ्या बाजूला कलत होतं. व्हल्कनचा पहिला नमुना उडाला तो पाच वर्षांनी. म्हणून आपण ज्याला प्रेम म्हणतो त्यात एक यादी हवी आणि ती यादी दुसऱ्या कुणी तरी तपासायला हवी. नुसत्या उमाळ्यावर विमान उडत नाही.

आता एक जड क्षण. 22 ऑगस्ट 2015, इंग्लंडमधलंच शोरहॅम. मेळाव्यात कसरत करणारं जुनं हंटर जेट रस्त्यावर कोसळलं. 11 माणसं गेली. त्यांतली कित्येक विमान बघायला आलेलीही नव्हती, आपापल्या वाटेने चालली होती. त्यांच्यासाठी थोडा वेळ गप्प राहू. जुन्या यंत्रावरच्या आपल्या मायेची किंमत ज्यांनी ती माया कधी मागितली नव्हती त्यांनी मोजावी, हे कोणत्याही वारशाच्या नावाखाली बसत नाही.

श्वास घ्या. सोडा.

त्याच वर्षी व्हल्कनचंही उडणं थांबलं. ते मोडलं म्हणून नव्हे. या विमानाने आपल्या जातीतल्या इतर सगळ्या विमानांपेक्षा जास्त तास काढले होते. त्याची अंगं-उपांगं जाणणारी माणसं निवृत्त होत चालली होती. उडण्यालायक असल्याची तांत्रिक हमी देणाऱ्या कंपन्यांनी आता पुरे म्हटलं, आणि न्यासाने ते मान्य केलं. आठ वर्षं हजारो लोकांनी ज्यासाठी पैसे आणि सुट्ट्या दिल्या, ते उडू शकत असतानाच थांबवायचं. यंत्र जोडणाऱ्या हातांना याहून अवघड काम कोणतं असेल, मला सुचत नाही.

आता तुमच्या त्या वस्तूकडे परत या. तिची घडी तुम्ही शेवटची कधी मोडली? तिच्याशेजारी ठेवलेली कोणती पुडी काढायची राहून गेली आहे? तिला सांभाळायचं कसं, हे तुमच्याखेरीज आणखी कुणाला ठाऊक आहे? उत्तर आलं नाही तरी चालेल. प्रश्न हलक्या हाताने ठेवा.

आणि शेवटी 28 ऑक्टोबर 2015 पाहू. डॉनकॅस्टरची तीच धावपट्टी. विमान शेवटचं उतरतंय. व्हल्कनची मागची चाकं आधी टेकतात आणि नाक बराच वेळ वरच राहतं. तो सगळा रुंद त्रिकोण वाऱ्याला आडवा धरून विमान आपला वेग हवेच्या हवाली करतं. चाकं जमिनीवर, नजर अजून वर. मग वेग सरतो.

नाक सावकाश खाली येतं. तेवढ्याच सावकाश डोळे उघडा.