नकाराचा अर्थ : वर्कहाउसची कसोटी आणि बेटी हिग्डेन

१८३४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने दारिद्र्यविषयक कायद्यात जी दुरुस्ती केली, तिचा विचार बहुधा अर्थकारणाच्या किंवा प्रशासनाच्या इतिहासात केला जातो. परंतु त्या कायद्याच्या मुळाशी अर्थनिर्णयनाचा एक प्रश्न आहे आणि साहित्याच्या अभ्यासकालाही तो टाळता येण्याजोगा नाही. समोरचा माणूस खरोखर गरजू आहे, हे कशावरून ओळखावे? गरज ही उघड दिसणारी वस्तू नव्हे; ती कोणत्या तरी चिन्हावरून वाचावी लागते. ते चिन्ह कोणते आणि ते वाचण्याचा अधिकार कोणाचा, हा नैतिक प्रश्न होय.

१६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपापल्या गरिबांची जबाबदारी टाकली होती. १७९५ साली बर्कशायरमध्ये स्पीनहॅमलंड येथे ठरलेल्या पद्धतीनुसार ब्रेडच्या भावाप्रमाणे अपुऱ्या मजुरीत पॅरिशच्या निधीतून भर घातली जाऊ लागली आणि दक्षिण इंग्लंडच्या अनेक भागांत असा प्रघात रूढ झाला. १८३२ साली नेमलेल्या आयोगाच्या अहवालाचे प्रमुख लेखक नासाऊ सीनियर व एडविन चॅडविक यांच्या मते अशा मदतीने मजुरी खाली येते आणि कष्टाळू व आळशी यांतील भेद पुसला जातो. त्यावर दोन उपाय सुचविले गेले. मदत घेणाऱ्याची स्थिती स्वतंत्रपणे पोट भरणाऱ्या सर्वांत हलाखीच्या मजुरापेक्षाही कमी हवीशी असावी, हा पहिला. धडधाकट माणसाला मदत मिळावी ती वर्कहाउसच्या भिंतींच्या आतच, हा दुसरा.

या योजनेला निव्वळ क्रौर्य म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण ते न्याय्य नव्हे. तिच्या पुरस्कर्त्यांच्या दृष्टीने ही कसोटी आपोआप चालणारी होती. अधिकाऱ्याने कोणाच्या चारित्र्याची चौकशी करावयाची नाही, ओळखीपाळखीला वाव द्यावयाचा नाही. दार उघडे ठेवावयाचे; जो आत येईल तो गरजू, जो येणार नाही तो नाही. निवाडा करण्याचा भार माणसावरून काढून संस्थेवर टाकल्याने पक्षपात टळेल, ही अपेक्षा अगदीच निराधार नव्हती.

तथापि दोष या रचनेतच आहे. निवाडा येथे टळत नाही. तो केवळ अगोदर उरकला जातो. नकाराला एकच अर्थ बहाल केलेला असल्याने, उपाशी माणूसही नकार देऊ शकेल ही शक्यता कसोटीच्या भाषेत बसतच नाही. नाकारले काय जात होते, हेही पाहावयास हवे. दारातच स्वतःचे कपडे उतरवून संस्थेचे कपडे घालावे लागत. नवरा, बायको आणि मुले निरनिराळ्या विभागांत ठेवली जात. अँडोव्हर येथील वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडे फोडणारी माणसे त्याच हाडांतील मज्जा खात असल्याचे १८४५ साली उघडकीस आले. मृत्यूनंतरही सुटका नव्हती : १८३२ च्या कायद्यानुसार वर्कहाउसमधील बेवारस शव विच्छेदनासाठी देता येई.

डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील, आणखी लापशी मागणारा मुलगा सर्वांच्या स्मरणात आहे. त्याची मागणी वाचणे अवघड नाही, भूक मागते. 'अवर म्युच्युअल फ्रेंड' (१८६४-६५) मधील बेटी हिग्डेन ही वृद्धा मात्र मागत नाही, पळते. स्वतःच्या दफनाचे पैसे कपड्यात शिवून ती गावोगाव फिरते आणि अखेर उघड्यावर, एका अनोळखी तरुणीच्या बाहूंत प्राण सोडते. कसोटीच्या हिशेबी ती गरजू नव्हतीच, कारण ती दाराशी आली नाही. कादंबरी तिच्या नकाराला भय देते, पूर्वानुभव देते, कारण देते. म्हणजेच कायद्याने काढून घेतलेला अर्थ त्याला परत देते.

येथे एक आक्षेप संभवतो. न मागणाऱ्या गरिबाचे हे उदात्तीकरण 'पात्र' व 'अपात्र' गरीब या जुन्याच वर्गीकरणाच्या पथ्यावर पडत नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. कादंबरीला जोडलेल्या उपसंहारात डिकन्सचा रोखही मुख्यतः कायद्याच्या निंद्य अंमलबजावणीवर आहे. परंतु बेटीची कथा लेखकाच्या या निवेदनापेक्षा पुढे जाते. अंमलबजावणी निर्दोष झाली असती तरी बेटीचा नकार न-गरज म्हणूनच वाचला गेला असता.

हे वाचन इंग्लंडपुरते राहिले नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामांवरील पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व अर्धा आणा इतकी उतरविण्यात आली आणि मुंबई इलाख्यातही ती लागू झाली. दख्खनमधील हजारो मजुरांनी कामे सोडली. कसोटीच्या तर्काने पाहिले तर कामावरून निघून जाणे हाच गरज नसल्याचा पुरावा ठरतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला लिहिताना त्याच घटनेमागील अपुऱ्या अन्नाकडे बोट दाखविले. घटना एकच होती. तिची वाचने दोन होती आणि त्यांपैकी एकाच्याच हाती मजुरीचे दर होते.

मर्यादित निधी असलेल्या समाजाला गरज ओळखण्याचे काही साधन लागणारच, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४८ साली इंग्लंडमधील जुना दारिद्र्यविषयक कायदा संपुष्टात आला, तरी ही निकड संपली नाही. प्रश्न आहे तो त्या साधनाला आपली चूक कळू शकते की नाही, हा. नकार ही गरजेच्या अभावाची खूण मानणाऱ्या व्यवस्थेला ती कधीच कळत नाही; कारण ज्यांच्याबाबत चूक होते, ते तिच्या नोंदवहीत येतच नाहीत.