आधी वायसर

कराडात नदीकाठच्या आळीत ज्याचं घर आहे, त्याला पाण्याचं कौतुक जरा कमीच असतं. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात. ते बघायला लांबून माणसं येतात, यशवंतरावांच्या समाधीपुढे हात जोडतात, भेळ खातात आणि आपापल्या गावी जातात. आम्हाला मात्र ऑगस्ट लागला की कोयना धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलले ही चौकशी आधी आणि चहा नंतर.

२०१९च्या ऑगस्टात आमच्या आळीतल्या बापूच्या अंगणात पाणी आलं. ते गेलं, पण गाळ ठेवून गेलं. पुराचा गाळ ओला असतो तोवर लोण्यासारखा निघतो. एकदा ऊन लागलं की फरशीच्या सांध्यांत असा बसतो, की खराट्याच्या काड्या मोडतात पण तो हलत नाही. बापू नोकरी सांभाळून जमेल तसा उपसत होता, म्हणजे अर्धा तसाच राहिला. वरून पावसाची रिपरिप, त्यावर शेवाळ. एका सकाळी तुळशीला पाणी घालायला गेलेली त्याची आई घसरली. हाड मोडलं नाही, पण हात महिनाभर गळ्यात बांधलेला होता. त्याच रात्री बापूने मोबाइलवर अंगण धुवायचं मशीन मागवलं. गॅरेजवाले गाड्या धुतात तसलं, पण घरगुती.

मागवताना त्याने एकच गोष्ट पाहिली, आकडा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २०० बार. खाली बारीक अक्षरांत दीड हजार वॅट आणि मिनिटाला आठ लिटर. किंमत नावाजलेल्या मशीनच्या निम्मी. याहून जास्त विचारायचं त्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं, कारण खोकं फोडायला कात्री मीच दिली होती.

गणपती यायच्या आत अंगण लख्ख झालं. मग आळीतल्या स्कूटर धुऊन झाल्या, गटाराच्या कडा धुऊन झाल्या, मारुतीच्या देवळाची पायरी धुऊन झाली. हातात बंदुकीसारखी नळी आली की माणूस थोडा शिपाई होतोच. बापूने सगळ्यात बारीक धारेचं तोंड लावून चार बोटांवरून तुळशीवृंदावनावर धार धरली, आणि शेवाळाबरोबर वडिलांनी दिलेला गेरूचा रंग आणि वर एक टवका उडाला. आई काही बोलली नाही. हात गळ्यात होता, तशीच बघत उभी राहिली.

दिवाळीच्या तोंडावर मशीनने मान टाकली. बटण दाबलं की नुसतं हुंकारायचं. पाणी नळीतून यायच्या ऐवजी पोटाखालून ठिबकायला लागलं. खोक्यावरचा फोन नंबर लागेना. गॅरेजवाल्याने उलटंपालटं करून पाहिलं. "याचे पार्ट येत नाहीत. नवीन घ्या," म्हणाला. वॉरंटीचं कार्ड बापूने जपून ठेवलं होतं. ते घेऊन जायचं कुठे, एवढंच त्यावर लिहिलेलं नव्हतं.

मग आम्ही ओगलेवाडीला तात्यांकडे गेलो.

कराडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. तिथून गाडी धरून तात्या उभं आयुष्य किर्लोस्करवाडीला पंपाच्या कारखान्यात गेले. निवृत्त झाले तरी पान्हे हातातून सुटले नव्हते. ओसरीवर प्रभाकर कंदील टांगलेला, ओगल्यांच्या कारखान्यातला. त्याची काच अजून पुसलेली. तात्यांनी मशीन मांडीवर घेतलं, चार स्क्रू काढले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

"पंपाचं डोकं प्लॅस्टिकचं हाय. हितं तडा गेलाय बघ, केसाएवढा. आन् हा वायसर." त्यांनी नखावर एक काळी रबरी कडी धरली. करदोट्याच्या मण्याएवढी असेल. ती एका बाजूने करपल्यासारखी झाली होती. "कोरडं चालवलंस का कधी?"

बापूने मान खाली घातली. "एकदा टाकी संपली होती. दहा मिनिटं कळलंच नाही."

"पंपाला पाणी म्हंजी तेलबी आन् वाराबी. त्येच्यावरच हे वायसर गार राहत्यात. पाणी न्हाई, तर एका मिंटात करपत्यात." मग त्यांनी पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढली. ती पुराच्या गाळाने भरली होती. "आन् वायर कुठली लावलीस?"

वायर लग्नातल्या मांडवाची होती. बारीक, वीस मीटर. एवढ्या लांब बारीक तारेतून मोटरला विजेचा पुरता दाब मिळत नाही आणि ती तापते. तात्यांनी हे सांगितलं तेव्हा बापूला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मशीन वाईट निघालं, पण आपणही कमी वाईट वागलो नाही, अशी वाटणी झाली.

"पर तात्या, मशीन ताकदीचं होतं. २०० बार!"

यावर तात्या हसले. मी त्या दिवशी तिथे होतो याचं मला आजही समाधान आहे, कारण पुढचा हिशेब मी कुठल्या जाहिरातीत वाचलेला नाही.

"बार म्हंजी काय रं? पाण्याचा धा मीटर उंच खांब उभा केला, तर त्येच्या बुडाशी जो दाब, तो एक बार. तुझ्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगणातल्या नळाला अर्ध्या बाराच्या आसपास येतं. कोयना धरण १०३ मीटर. तुडुंब भरलं तर बुडाला धा बार. २०० बार म्हंजी वीस कोयना एकावर एक." त्यांनी अंगणातल्या मातीवर काडीने आकडे मांडले. "आता बार गुणिले मिंटाचे लिटर, भागिले सहाशे. येतंय ते किलोवॅट. कर."

बापूने केलं. २०० गुणिले ८, भागिले ६००. अडीच किलोवॅटच्या वर.

"आन् मोटर किती खाती?"

"दीड."

"दीड भाकरी खाऊन अडीच भाकरीचं काम करनारा गडी मी तरी बघितला न्हाई," तात्या म्हणाले. "२०० हा आकडा असंल, पर तो धार बंद असताना, क्षणभर उसळलेला. धुताना चालतो तो दाब येगळा. तो छापायची हिंमत असंल, त्येच्याशी बोलायचं."

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न जवळ आलं. एका रविवारी तात्या कराडात आले आणि आम्ही तिघं दुकानं फिरायला निघालो. पहिल्या दुकानात दारातच मुलाने विचारलं, "प्रेशर वॉशर दाखवू?"

"आधी वायसर दाखव," तात्या म्हणाले.

"तेच तर, वॉशर."

"ते न्हाई. त्येच्या आतला वायसर."

मुलगा गोंधळला. आतून मालक आले. "आजोबा, नवीन मशीनला वायसर कशाला? दोन वर्षांची वॉरंटी आहे." तात्यांनी नमस्कार केला आणि पायऱ्या उतरले. मशीनकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुसऱ्या दुकानात चहा मिळाला, आणि पार्ट पुण्याहून मागवावे लागतील, आठ-दहा दिवस धरा, असं उत्तर मिळालं. उत्तर खरं होतं म्हणून तात्या चहा पिऊन निघाले. बापू आता कंटाळला होता. हे मशीन घ्यायला निघालेत की रबराची कडी, असं तो माझ्या कानात पुटपुटला.

तिसरं दुकान शेतीपंपांचं. पाट्या जुन्या, मशीन दोनच मांडलेली. तात्यांनी तोच प्रश्न विचारला. दुकानदाराने मागे वळून लाकडी खण ओढला आणि कागदाची पुडी गल्ल्यावर ठेवली. वायसरचा सेट, जाळी, बंदुकीचा खटका. सगळं नावानिशी. "याला कार्बन ब्रश लागत नाहीत, इंडक्शन मोटर आहे," तो आपणहून म्हणाला. "जड आहे, वीस किलोच्या घरात. उचलायला दोघं लागतील. पण आवाज कमी आणि कार्बन झिजायची भानगड नाही."

खोक्यावर दोन आकडे छापले होते. जास्तीत जास्त १२० बार, चालता दाब ९०. मिनिटाला सहा लिटर, १,७०० वॅट. बापूने न सांगता मोबाइलवर हिशेब केला. ९० गुणिले ६, भागिले ६००. नऊशे वॅट. मोटर खाते त्याहून कमी. बाकीचं उष्णतेत आणि घर्षणात जातं. आकडे जुळले. खटका सोडला की मोटर आपोआप थांबते, पंपाचं डोकं धातूचं आहे, हे दुकानदाराने दाखवलं. तात्यांनी बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बांध."

बापूने पुडीचेही पैसे दिले. शिवाय अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली. घरी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं, पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी बसवून घेतला. ओल्या अंगणात, ओल्या पायांनी विजेचं मशीन चालवणाऱ्याने तेवढं करावंच. हा खर्च आळीला उधळपट्टी वाटला. "२००चं टाकून १२०चं आणलं, तेही दुपटीने!" अशी थट्टा पुढे कितीतरी दिवस चालली.

तात्या निघताना त्यांच्या ओसरीवरच्या कंदिलाबद्दल मी विचारलं. एवढा जुना, अजून कसा टिकला? म्हणाले, "टिकला कुठं? काच तीनदा फुटली. पर काच मिळत होती."

२०२१च्या जुलैत आषाढी झाली आणि दोन दिवसांनी पाटणकडे आभाळ फाटलं. पाणी पुन्हा आळीत शिरलं, पुन्हा गाळ ठेवून गेलं. या खेपेला बापूने मशीनला हात लावायच्या आधी दोन गोष्टी केल्या. वायरमनने बोर्ड कोरडे आहेत म्हणून सांगेपर्यंत मेन स्विच बंद ठेवला, आणि जाड गाळ ओला असतानाच फावड्या-घमेल्याने काढला. हे मशीन गाळ उपसायला नसतं. उरलेला पातळ थर धुवायला असतं. तसा गाळावर जोर मारला तर तो पुढच्या भिंतीवर जातो एवढंच. पाणी नदीचं नाही, टाकीचं, आणि जाळी दर तासाला धुऊन. पसरट धारेचं तोंड, एक वीत अंतर. अर्धा तास काम, मग मशीनला विश्रांती. थांबताना आधी बटण बंद, मग खटका दाबून नळीतला दाब मोकळा.

बापूचं घर झालं, आमचं झालं, शेजारच्या आजींचं झालं. थट्टा करणाऱ्यांची घरं शेवटी धरली, हा बापूचा स्वभाव. पाचव्या घरात मशीनखाली पाणी ठिबकायला लागलं. आळीत एकदम शांतता झाली. बापूने वायर काढली, मशीन आडवं केलं, कोनाड्यातली पुडी आणली आणि तात्यांनी दाखवलं होतं तसा वायसर बदलला. पाऊण तास गेला. त्यात चहाचाही वेळ धरला आहे.

जुनं मशीन माळ्यावर पडून आहे. त्यावरचा २००चा स्टिकर अजून चकचकीत आहे. तुळशीवृंदावनाचा उडालेला टवका बापूने भरून घेतला. रंग मात्र आईने देऊ दिला नाही.