दाखवायचे किती?

माणसाने खरे बोलावे, हे लहानपणी सगळ्यांनीच पाटीवर गिरवलेले असते. पण किती बोलावे, हे कुठल्याच पाटीवर मावलेले नाही. हा हिशेब थेट धर्मराजापासून थकलेला आहे. थोरामोठ्यांच्या ग्रंथांत उत्तर न सापडल्यामुळे मी हल्ली ते लॅपटॉप टीव्हीला जोडण्याच्या वायरीत शोधतो. हसू नका. मोठमोठी तत्त्वे नेहमी अशाच धुळकट जागी, सोफ्याच्या मागे सापडतात.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा टीव्ही हे अगदी एकतर्फी प्रकरण होते. वरून येईल ते खाली बसून बघायचे. एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची आणि दुसऱ्याने खिडकीतून “आलं, आलं... गेलं!” असा पुकारा करायचा, एवढाच आपला सहभाग. घरातली भानगड टीव्हीवर दिसण्याची सोयच नव्हती. ती सोय पुढे एचडीएमआय नावाच्या वायरीने सोपी केली. डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले नियम ठरले. टोकाला एकोणीस पिना. चित्र आणि आवाज, दोन्ही एकाच वायरीतून. एक टोक लॅपटॉपला, दुसरे टीव्हीला, रिमोटवर ‘सोर्स’ दाबून तीच खाच निवडायची, की झाले! लॅपटॉपमधली मुंज भिंतीवर लागते.

पण नुसती वायर लावून भागत नाही. विंडोजची कळ दाबून धरून ‘पी’ दाबले, की लॅपटॉप चार पर्याय पुढे करतो. आणि मला विचाराल तर माणसांच्या जातीही चारच. पहिला, ‘पीसी स्क्रीन ओन्ली’. म्हणजे सगळे माझ्याजवळ, तुम्हाला काही दिसणार नाही. असे एक काका प्रत्येक घरात असतात. शेवटचा, ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’. बाहेर झगमगाट आणि स्वतःच्या घरात काळोख. ही माणसे लग्नाच्या हॉलमध्ये भेटतात. खरा झगडा आहे तो मधल्या दोघांत, ‘डुप्लिकेट’ आणि ‘एक्स्टेंड’मध्ये.

आपल्या बाजारात ‘डुप्लिकेट’ म्हणजे बनावट माल. इथे मात्र डुप्लिकेट हा सगळ्यांत सच्चा. लॅपटॉपवर जे असेल तेच टीव्हीवर. आत एक बाहेर एक, असले काही नाही. ‘एक्स्टेंड’ त्याच्या उलट. टीव्हीवर मुंज चाललेली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर आपण निवांत विजेचे बिल भरतोय. नीतीच्या पेपरात कुणाला पैकीच्या पैकी मार्क द्याल? तुम्ही म्हणाल, डुप्लिकेटला. मीही तसेच म्हणत होतो. पण शेजारच्या घरी एक प्रसंग पाहिला आणि हात आखडला.

नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ बघायला पंधरावीस माणसे जमली होती. मुलाने लॅपटॉप जोडून दिला, अर्थातच डुप्लिकेट. सगळ्यांत पुढे खुर्चीत त्याची आई, माई. मातृभोजन संपून भिक्षावळ सुरू होते आहे, तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन टुणकन उगवला. नागपूरच्या बहिणीचा निरोप: “दादा, आईचा रिपोर्ट आला. तिला इतक्यात काही सांगू नकोस.”

त्रेचाळीस इंची टीव्ही. अक्षरे वीतवीतभर. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. सगळ्यांत आधी माईच बोलल्या. “अक्षर बरंय हो. चष्मा नाही लागला.” मग मुलाकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “रिपोर्ट माझा ना? मग माझ्याआधी तो नागपूरला कसा गेला?”

मुलाला उत्तर सुचेना. “आई, तुला त्रास नको म्हणून...” एवढेच तो म्हणाला. माई म्हणाल्या, “उद्या डॉक्टरांकडे मी येणार. आता भिक्षावळ लाव. माझी पाळी यायचीय.”

घरी येताना मला पहिल्यांदा वाटले, बघा, डुप्लिकेटनेच न्याय केला. पण तेही खरे नाही. चौकोन उगवण्याच्या बाबतीत यंत्र निर्विकार असते. त्याच चौकोनात भाचीचे मोडलेले लग्न किंवा व्याह्यांनी उसने मागितलेले पैसे आले असते, तर पंधरावीस जणांपुढे दुसऱ्याची अब्रू गेली असती, नि तिला कोणी सत्याचा विजय म्हटले नसते. माईंनासुद्धा ती बातमी भरल्या खोलीत कळायला नको होती.

मग झाकणे म्हणजे खोटे बोलणे का? प्रशियातल्या कांटने १७९७ साली निबंध लिहून बजावले, की खुनी दारात येऊन मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी खोटे बोलू नये. कांटसाहेब अविवाहित होते, त्यांना असली कडक मते परवडत. पण खोटे बोलणे आणि सगळे न बोलणे यांत फरक आहे, हे त्यांनाही मान्य होते. आता आपला धर्मराज घ्या. अश्वत्थामा मेला, हे तो मोठ्याने म्हणाला. हत्तीचा उल्लेख हळूच केला. टीव्हीवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर चित्र टीव्हीवर गेले आणि आवाज लॅपटॉपातच राहिला. द्रोणाचार्यांचा गैरसमज व्हावा, हाच त्यातला बेत. म्हणून त्याचा रथ जमिनीला टेकला. विजेचे बिल टीव्हीवर न दाखवल्याने कोणाचा रथ टेकत नाही.

तेव्हा प्रश्न डुप्लिकेट की एक्स्टेंड हा नव्हेच. प्रश्न, वस्तू कोणाची? माझे बिल माझे, ते मी माझ्या पडद्यावर ठेवीन. भाचीचे दुःख तिचे, ते तिला विचारल्याशिवाय मोठ्या पडद्यावर जाणार नाही. आणि माईंचा रिपोर्ट माईंचा, तो मुलांच्या छोट्या पडद्यावर राहण्याचे कारणच नाही.

यावर मुलांचे म्हणणे ठरलेले असते: “तिला झेपणार नाही.” ते प्रेमापोटीच असते. पण वायर जोडल्याबरोबर काय होते बघा. चित्र पाठवण्याआधी लॅपटॉप टीव्हीचे माहितीपत्रक वाचतो: तू कोण, किती बारीक चित्र दाखवशील, कुठला आवाज काढशील? टीव्हीने स्वतःच सांगून ठेवलेले असते, की मला एवढे एवढे झेपते. त्या बेताने लॅपटॉप चित्र पाठवतो. झेपण्याचा अंदाज तो मनाने करत नाही; ज्याला झेपायचे, त्यालाच विचारतो.

माईंना कोणी विचारले नव्हते. पुढे त्यांचे ऑपरेशन झाले, त्या हिंडूफिरू लागल्या. पण त्या बऱ्या झाल्या म्हणून मी हे म्हणत नाही. त्या बऱ्या झाल्या नसत्या, तर विचारणे जास्तच गरजेचे होते. दिवस थोडे असले तर ते कसे घालवायचे, हे ज्याचे दिवस त्याने ठरवावे. आणि एखाद्याने म्हटले, “मला नका सांगू, तुम्हीच काय ते बघा,” तर तेही त्याचेच उत्तर. तेही मानावे.

यंत्राला हे सगळे उरकायला एकोणीस पिना आणि काही क्षण पुरतात. आपल्याला एवढी यातायात नको. जवळ बसून “तुला किती सांगू?” एवढे विचारले, तरी पुष्कळ.