श्वेतकेतूचे पंधरा दिवस



आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ६, खंड ७.

उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला शिकवत आहेत. मुलगा बारा वर्षं गुरूकडे राहून वेद शिकून आलेला, आणि त्या शिकण्यानं थोडा फुगलेलाही. खाल्लेल्या अन्नाचे तीन वाटे होतात, जाड वाटा बाहेर जातो, मधल्याचं मांस होतं आणि सगळ्यात बारीक वाट्याचं मन होतं, असं वडिलांनी मागच्या खंडांत सांगितलं. मुलगा म्हणतो, अजून समजावून सांगा. तेव्हा वडील तोंडानं समजावत बसत नाहीत. पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी हवं तेवढं पी, एवढंच सांगतात. पंधरा दिवसांनी मुलगा येतो. वडील म्हणतात, वेद म्हण. त्याला एकही ऋचा आठवत नाही. मग उद्दालक म्हणतात, मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा उरला तर तो काय जाळणार? तुझ्या सोळा कलांपैकी एकच उरली आहे. जा, जेवून ये. तो जेवून येतो, आणि विचारलेलं सगळं सांगतो.

बारा वर्षांचं पाठांतर पंधरा दिवसांत गेलं आणि जेवणानं परत आलं. उपवासाचं माहात्म्य सांगणाऱ्या पोथ्या आपल्याकडे खूप आहेत. उपवासानं काय जातं हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी गोष्ट माझ्या वाचनात दुसरी नाही.

हा खंड मी आमच्या वाटूरला संध्याकाळच्या वाचनात सांगितला तेव्हा मागच्या रांगेतून एका सूनबाईंनी प्रश्न केला. दिवस खुरपणीचे होते. म्हणाल्या, "गुरुजी, सोमवार, चतुर्थी, दोन एकादशा, वरून गुरुवार. माझं रक्त आठ निघालंय. दवाखान्यात म्हणतात खात जा. घरी म्हणतात देवाचं मोडू नको. पोथी कोणाच्या बाजूनं हाय?"

त्यांच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मंडळी एकदम गप्प झाली.

हा प्रश्न एका घरचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यामुळे याचं उत्तर गोल गोल देऊन चालणार नव्हतं.

आधी उपवासाचं ताट पाहू. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, आणि बाकीचे तिन्ही, मूळचे अमेरिका खंडांकडचे. गेल्या चार-पाचशे वर्षांत आपल्याकडे आलेले. उद्दालकांनी यातलं काही पाहिलेलं नव्हतं. म्हणून ते वाईट, असं मी म्हणत नाही, खिचडी मलाही आवडते. पण शंभर ग्रॅम साबुदाण्यात प्रथिन एक ग्रॅमसुद्धा नसतं. शेंगदाण्यात भरपूर असतं, पण तो खिचडीत घालतो किती? मूठभर. राजगिरा आणि भगर त्यातल्या त्यात अंगाला लागणारे, पण दिसतो तो साबुदाणाच. आणि ज्या दिवशी हे खायचं, त्या दिवशी ज्वारी बंद, तूर बंद, मूग बंद.

आता आपलं रोजचं ताट. शंभर ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम प्रथिन, तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत बावीस-चोवीस. पण गोष्ट नुसत्या आकड्याची नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ते धान्यात मिळतं. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. एकाच घासात पाहिजे असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जो आहार सांगितला, त्यात साधारण माणसाला दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य धरलं आहे. म्हणजे तिनास एक. मटकीला मोड आणले, वर लिंबू पिळलं, तर त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं. (चहाचं हे आमच्याकडे कोणी ऐकत नाही.) दूध-दही मात्र सोडू नये, बी-१२ डाळीत नाही आणि ज्वारीतही नाही.

डाळ म्हणजे गरिबाची भाजी असं समजणाऱ्यांनी बृहदारण्यक उपनिषदाचा सहावा अध्याय उघडावा. तिथं मंथ नावाचं एक कर्म आहे. (नाव ऐकून आमच्या मंठ्याशी संबंध जोडू नका!) त्यात गावची दहा धान्यं दळून दही, मध, तूप घालायला सांगितलं आहे. तांदूळ, जव, तीळ, गहू यांच्याच पंगतीला तिथं उडीद आहे, मसूर आहे, आणि शेवटच्या नावाचा अर्थ भाष्यात हुलगा असा केला आहे. आमच्याकडे ज्याचे शेंगुळे करतात तोच हा हुलगा. ऋषींना तो होमाच्या लायकीचा वाटला. आपल्याला तो पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटते.

आणि हे सगळं पिकतं कुठं? आपल्याच रानात. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेली बीडीएन ७११ ही तूर आपल्या जिल्ह्यातली. रब्बीची ज्वारी आपली, हरभरा आपला. तरी शिवारात पाहावं तिकडं कापूस आणि सोयाबीन. उडीद-मूग बांधाकडेला गेले. शेतकऱ्यानं पैशाचं पीक घ्यावं, त्याला पोरं शिकवायची आहेत. पण घरापुरती दोन पोती तूर ठेवायच्या आधीच ती फाट्यावरून आडतीला जाते, आणि मग तीच डाळ किराणा दुकानातून पाव-पाव किलोनं घरी येते. ती पाव किलो सहा माणसांत पुरवायची म्हणजे पाणी वाढवायचं, दुसरं काय.

इथं मला खरा प्रश्न दिसतो. पातेल्यातलं दाट खाली बसतं. पळी तळाशी घालून पहिलं वाढलं जातं ते गड्यांना, मग पोरांना, मग सासू-सासऱ्यांना. शेवटी जी बसते तिच्या वाटीत हळदीचं पाणी येतं, त्यात डाळ शोधावी लागते. म्हणजे उपवासाच्या दिवशी तिला धान्य वर्ज्य, आणि उपवास नसेल त्या दिवशी डाळ संपलेली. श्वेतकेतूनं पंधराच दिवस काढले, तेही पाणी पीत घरी बसून. हिला त्यातच खुरपायचं असतं.

वाचनातल्या एका काकांनी गीतेचा तिसरा अध्याय काढला. यज्ञातून उरलेलं खाणारे पापातून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, असं भगवंत म्हणतात ना? मग शेवटी बसणारी बाईच खरी पुण्यवान! प्रश्न चांगला होता. पण त्या श्लोकात नियम घालून दिला आहे तो प्रत्येक खाणाऱ्याला, एकट्या सुनेला नाही. उरलेलं खाण्याचं पुण्य इतकं मोठं असेल तर ते घरात पाळीपाळीनं का वाटलं जात नाही? आणि जिथं शेवटच्याला काही उरतच नाही, तिथं बाकीच्यांनी स्वतःपुरतंच शिजवलं होतं असं म्हणायला नको का? काका हसले. मान्य केलं असं नाही.

मी स्वतः एकादशी धरतो, माळ घातलेली आहे. त्यामुळे उपवास सोडा असं सरसकट सांगणं माझ्याच्यानं होणार नाही. स्वतःच्या राजीखुशीनं, झेपेल तेवढा धरलेला उपवास माणसाला काही देतो, हे मी पाहिलं आहे. पण दुसऱ्याच्या अंगावर धरायला लावलेला उपवास मला कुठल्याच शास्त्रात सापडत नाही. उलट सापडतं ते वेगळंच. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये धर्मसिंधु लिहिला. आपल्याकडचे बरेचसे भटजी अजून त्यावरच चालतात. व्रत झेपत नसेल त्याला त्यात सवलत आहे, आणि प्रतिनिधीचीही सोय आहे. आजारी माणसाचं व्रत घरातल्या दुसऱ्यानं त्याच्या वतीनं करायचं. मुलगा चालतो, भाऊ चालतो. बायकोचं व्रत नवऱ्यानं केलेलं चालतं.

हे मी सूनबाईंना सांगितलं. व्रत मोडायचं नाही, माय; रक्त भरेपर्यंत ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं. तुम्ही त्या दिवशी भाकरी आणि दाट वरण खायचं. पोथी या बाजूनं आहे.

नवरा पुरुषांच्या रांगेत होता. त्याच्याकडे दोन-तीन जणांनी वळून पाहिलं, तर तो टाळांची दोरी सोडवत बसला. थोडा वेळ कोणीच बोलेना. मग सासूबाई म्हणाल्या, "सोमवार मी धरीन तिचा. चतुर्थीला चंद्र उगंपर्यंत मला निघत नाही, ती त्यानं धरावी." आणि मुलाकडे न बघताच पुढे, "पोराला इचारा, गुरुजी."

विचारलं. "बघू," म्हणाला. पुढची चतुर्थी अजून यायची आहे.

उद्याचं वाचन खंड ८. तो झोपेपासून सुरू होतो आणि लगेच तहान-भुकेवर येतो. पोथी जवळ ठेवून वाचा.

रामकृष्ण हरी.