हिमालय वाटेत येतो तेव्हा

सेलूच्या आसपास पर्वत म्हणावा असा एकही नाही. बोरच्या जंगलातल्या टेकड्या आहेत, पण वैशाखात तिथला साग निष्पर्ण होतो आणि पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या काळ्या रानातून दुपारभर झळा उठत राहतात. अशा मुलखातल्या माणसाला तरुणपणापासून हिमालयाची स्वप्नं पडावीत यात नवल नाही. ही ओढ इथे फार जुनी आहे. वा. वि. मिराशींनी कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपला रामटेक असं मांडलं, आणि ते मान्य केलं तर कैलासाच्या कुशीतल्या अलकानगरीसाठी झुरणारा यक्ष आपल्याच शेजारचा ठरतो. सेलू तालुक्यातलं केळझर ही एकचक्रानगरी, भीमानं बकासुराला मारलं ते हेच गाव, असं लोक सांगतात. त्याच पांडवांनी राज्य सोडल्यावर अखेरची वाट धरली ती हिमालयाची. कथेतला असो वा इतिहासातला, इथला माणूस उत्तरेकडे बघत आला आहे. मग प्रश्न उरतो तो असा : ही ओढ धर्माची म्हणावी, की मनाची एक सुंदर हौस? उभं आयुष्य जपलेलं ते दर्शन एकदाचं घडलं, म्हणजे माणसाचं नेमकं काय साधतं?

याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. सेलूहून वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की धाम नदीवर पवनार लागतं. तिथे राहिलेल्या विनोबांचं आयुष्य या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवतं. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा वीस वर्षांचा तरुण सुरतेला उतरला आणि काशीला गेला. मनात दोन ठिकाणं होती, हिमालय आणि बंगाल. एकीकडे ब्रह्मजिज्ञासेची शांती, दुसरीकडे क्रांती. त्याच वर्षी ७ जूनला तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटला, आणि दोन्ही गोष्टी आपल्याला तिथेच गवसल्या असं पुढे आयुष्यभर सांगत राहिला. हिमालयाला जाणं राहून गेलं. १९२१ मध्ये वर्धा, १९३८ मध्ये पवनार, मधे तुरुंग, मग १९५१ पासून भूदानाची पदयात्रा.

आणि त्या पदयात्रेतच हिमालय समोर आला. २२ मे १९५९ रोजी विनोबांनी जम्मू-काश्मीरमध्ये पाऊल टाकलं. बघायचं, ऐकायचं आणि प्रेम करायचं, एवढंच काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. पीर पंजालच्या पायथ्याशी पावसानं त्यांना अडवून धरलं. तेव्हा त्यांनी ठरवलं, की पाऊस थांबला नाही आणि डोंगर ओलांडता आला नाही, तर तो ईश्वराचा संकेत मानून पंजाबात परत फिरायचं. त्रेसष्ट वर्षांचा, पोटाच्या दुखण्यानं कायमचा क्षीण झालेला माणूस. तरुणपणी घर सोडायला लावणारा पर्वत आता समोर उभा, आणि तो माणूस माघारी फिरायला तयार! पाऊस थांबला. तेरा हजार फुटांहून उंच असलेली ती वाट ते पायी चढून गेले. माझ्या लेखी या प्रसंगाचं मोल चढाईपेक्षा त्या तयारीत जास्त आहे. स्वप्नाचा हट्ट गळून पडला होता, ओढ मात्र शाबूत होती. ओढ आणि हट्ट वेगळे करता येणं, हीच या बाबतीतली धर्माची कसोटी असं मला वाटतं. ओढ माणसाला मोठं करते. हट्ट त्या पर्वताकडून वसुली मागतो : इतकी वर्षं वाट पाहिली, आता मला शांती दे.

यावर कुणी म्हणेल, हे कोल्ह्याला द्राक्षं आंबट तसं झालं. ज्याच्या खिशात प्रवासखर्च नाही त्याची ही समजूत काढणं आहे. पण विनोबांनी हिमालय बाजूला ठेवला तेव्हा ते घराबाहेर पडले होते, काशीपर्यंत पोचले होते, पुढची वाट मोकळी होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हिमालयातला एकांत काम करतो, शेकडो वर्षं साधक तिथे जात आले ते काही भ्रमात नव्हते. काकासाहेब कालेलकर १९१२ मध्ये हिमालयात पायी हिंडले, आणि त्या प्रवासाचं पुस्तक वाचणाऱ्याला पर्वतानं त्यांना काही दिलं नाही असं म्हणता येणार नाही. हे मी पूर्ण मान्य करतो. मात्र कालेलकर तिथे राहिले नाहीत. ते उतरून आले, शिक्षणाच्या कामाला लागले, आणि पुढे वर्ध्यातही राहिले. एक आधी पर्वतावर जाऊन कामाकडे आला, दुसरा काम करता करता पर्वतावर पोचला. दोघांनाही पर्वत लाभला, कारण दोघांनीही त्याला मुक्काम मानलं नाही.

मग सगळी कर्तव्यं उरकलेल्या, मुलाबाळांना मार्गी लावलेल्या माणसानं उतारवयात केदारनाथला जाऊच नये का? अवश्य जावं. पर्वताचं सौंदर्य हे स्वतःच एक मूल्य आहे, आणि गीतेनं स्थावरांमधली आपली विभूती म्हणून हिमालयाचंच नाव घेतलं ते उगीच नाही. माझं म्हणणं जाण्याविरुद्ध नाही, ‘तिथे गेल्याशिवाय जीवन अपुरं’ या समजुतीविरुद्ध आहे. या समजुतीचा खरा भार पडतो तो कधीच जाऊ न शकणाऱ्यांवर. सेलूला लागून असलेल्या घोराडला, बोर नदीकाठी, संत केजाजी महाराजांच्या भक्तीनं विदर्भाची पंढरी उभी राहिली. शेत आणि गुरं सोडून भीमेकाठी जाणं ज्यांना जमत नाही, ते तिथे विठ्ठलापुढे उभे राहतात. त्यांचं दर्शन कमी प्रतीचं, असं म्हणायची वारकरी संप्रदायाची छाती होणार नाही; मग हिमालयाच्या बाबतीत आपण तसं का म्हणावं?

विनोबांना तर अखेरीस निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य होतं. पदयात्रा संपली होती, वयाची पंचाहत्तरी आली होती, आणि तरुणपणी ज्यासाठी घर सोडलं तो पर्वत आता पाहिलेला, ओळखीचा होता. एकांतच हवा असता तर तिथे जायला त्यांना कुणी अडवलं नसतं. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला तो पवनारला, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला तोही तिथेच.